कोरी हवा

बसथांब्यासमोर गटाराचं झाकण उघडून मैला उपसणारी गाडी उभी होती आणि रांगेतली माणसं एकेक करून माझ्यापासून लांब सरकत होती. आधी मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलंय. शर्टाची बटणं पाहिली, चपलेला काही लागलंय का ते पाहिलं. मग दिसलं की सगळ्यांनी नाकाला रुमाल लावलेत, एका बाईने तर बरोबरच्या लहान मुलीचं तोंड आपल्या पोटाशी दाबून धरलंय, आणि गाडीचा जाड पाइप गटारात उतरून गचके देत काहीतरी ओढून घेतोय. मी गाडीच्या सगळ्यात जवळ, ऐसपैस उभा. "अहो, उभं तरी कसं राहवतं तुम्हाला?" त्या बाईने रुमालातून विचारलं. "सवय आहे," मी म्हणालो. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मी त्या गाडीवरचाच माणूस असेन असं तिला वाटलं असावं. मी श्वास घेतला. मुद्दाम, छातीभर. हवा आत गेली, थोडी गार, थोडी जाड, घशाशी लोकर घासावी तशी, आणि बाहेर आली. पुन्हा घेतला. डोळ्यांत किंचित पाणी आलं, म्हणजे डोळ्यांना कळत होतं. नाकाला पत्ताच नव्हता. मग बस आली, मी चढलो, आणि बसायला जागा मिळाली याचंच मला बरं वाटलं.

यात घाबरण्यासारखं काय, असं कुणी म्हणेल. या शहरात निम्म्या लोकांची नाकं चोंदलेलीच असतात. पण माझं पोट नाकावर आहे. मी वास घेण्याची नोकरी करतो. हे सांगितलं की लोक हसतात आणि मग ओशाळून विचारतात, म्हणजे अत्तराचं का? अत्तराचं नाही. हवेचं. कुठल्या वस्तीतून कारखान्याच्या दुर्गंधीची तक्रार आली की आमच्या कार्यालयाची गाडी तिथे जाते, प्लास्टिकच्या मोठ्या पिशवीत तिथली हवा भरून आणते, आणि आम्ही काहीजण ती हुंगून सांगतो की वास आहे की नाही, आणि किती पातळ केल्यावरही तो येतो. यंत्रांना धूळ मोजता येते, विषारी वायू मोजता येतात. पण माणसाला घाण कधी वाटतं ते यंत्राला सांगता येत नाही, त्यासाठी माणूसच लागतो. तोही फार तीक्ष्ण नाकाचा नको आणि फार बोथट नाकाचा नको. निवड झाली तेव्हा आमचं काम बघणाऱ्या मॅडमनी मला हे समजावून सांगितलं होतं. "आम्हाला सरासरी नाक हवं असतं." मी तोवर एका गोदामात साबणाच्या पेट्यांवर देखरेख करत होतो, परीक्षांमध्ये मधोमध उत्तीर्ण झालेलो, उंचीने मध्यम, लग्न राहून गेलेला. मध्यम असल्याबद्दल कुणी मला जवळ केल्याचा तो पहिलाच प्रसंग. हुंगताना माझ्या शेजारच्या कप्प्यात बसणारे शिंपीकाका तेव्हापासून मला नाकोबा म्हणतात. त्यांचं दुकान आता मुलगा बघतो, आणि ते इथे येऊन बसतात, कारण घरी सुनेच्या कामात नाक खुपसण्यापेक्षा इथे खुपसलेलं बरं, असं त्यांचंच म्हणणं.

केव्हा गेला वास? हे मी बसमध्ये आठवायचा प्रयत्न केला. दात पडला की त्याचा दिवस आठवतो. याचा आठवेना. गेल्या हिवाळ्यापासून जेवणाला चव नव्हती, म्हणून मी मीठ वाढवत गेलो, मग तिखट वाढवलं, मग वाटलं खानावळीचा आचारी बदलला असेल. महिन्यातून एकदा मॅडम आमच्या नाकांची परीक्षा घेतात. जाड शाईच्या पेनासारखा वास येणारं एक रसायन असतं, ते पातळ करत जातात. मागच्या खेपेला मी काठावर सुटलो आणि सर्दीवर ढकललं. सर्दी नव्हती. माझी खोली चौकावर आहे. खाली सिग्नलला ट्रक उभे राहतात, ते निघताना जो काळा भपका सोडतात तो थेट माझ्या गॅलरीत येतो. शेजारच्या पतपेढीचा जनरेटर माझ्या भिंतीला टेकून आहे. मागे कचऱ्याचा ढीग आहे, तो कुणीच पेटवत नाही आणि तो सदा पेटलेला असतो. सकाळी टेबलावर बोट फिरवलं की बोट काळं होतं, रुमालात शिंकरलं की रुमाल काळा. मी पुसतो, धुतो, कामाला जातो. वेगळं काय घडलं असं कुणी विचारलं तर काहीच घडलं नाही. रोजचंच सगळं होतं, फक्त त्यातून माझं नाक केव्हातरी उतरून गेलं, आणि मी पुढच्या थांब्यापर्यंत तसाच बसून राहिलो.

आणि हे नेमकं आज कळावं. सकाळी दाढी करत होतो तेव्हा ताईचा फोन आला होता. ताई माझ्याहून मोठी, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते, सरसाच्या कारखान्यामागे. हाडं उकळून चिकटवायचा सरस करतात तिथे. भट्टीत काय जाळतात ते देवाला ठाऊक; जुने टायर, रबरी चपला, प्लास्टिक, जे स्वस्तात मिळेल ते. वाळत घातलेल्या कपड्यांवर काळे ठिपके पडतात, मुलांची डोकी दुखतात, आणि ताईला गेली काही वर्षं जिना चढताना मधल्या पायरीवर बसावं लागतं. तिने अर्ज केले, सह्या गोळा केल्या, कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या. चिमणीत धूर पाण्याने धुऊन सोडायचं यंत्र बसवा, एवढीच मागणी. कारखाना म्हणतो वास येतच नाही, वस्तीवाल्यांना सवय आहे नाक मुरडायची. आता उद्या सुनावणी, आणि तिच्यात आमच्या अहवालावर सगळं ठरणार. "अरे, तुमची गाडी येऊन गेली पहाटे," ताई सांगत होती. बोलताना मध्येच तिला थांबावं लागतं, तशी ती थांबली. "माझ्या खिडकीखालीच उभं राहून पिशव्या भरल्या त्यांनी. मी वरून बघत होते. आता काय, तुझ्याच नाकावर आहे सगळं." ती हसली आणि हसताहसता खोकली. माझ्या गालावर फेस वाळत होता. "बघतो," मी म्हणालो, जणू हे माझ्या बघण्यावर होतं.

नात्यातल्या कुणाच्या तक्रारीची हवा आली तर आम्ही तसं सांगून बाजूला व्हायचं असतं, असा नियम आहे. मी सांगणार होतो, खरंच सांगणार होतो. पण आमच्यातले पाचवे, टपालखात्यातले निवृत्त गृहस्थ, लग्नाला गावी गेलेले, म्हणजे आम्ही चारच उरलो, आणि चार नाकांपेक्षा कमी असली तर पिशवी धरतच नाहीत. मी बाजूला झालो असतो तर ताईची हवा तशीच पडून राहिली असती. तेव्हा नियम मोडायचा हे मी बसथांब्यावर येण्याआधीच ठरवलं होतं. आपण आपल्या माणसासाठी काहीतरी करतोय असं वाटून थोडं बरंही वाटत होतं. त्यानंतर ती मैल्याची गाडी.

बसच्या काचेतून चौकातला मोठा फलक दिसला. त्यावर शहराच्या हवेचा आकडा झळकतो आणि खाली एक रंगीत पट्टी. आज पट्टी गडद लाल होती, म्हणजे सगळ्यात वाईट. फलकाखाली एक जण पेपर वाचत उभा होता, दुसरा भिंतीला पाय लावून सिगारेट ओढत होता. मी डोळे मिटले आणि लहानपणचा एक खेळ आठवायला लागलो, आठवणीला तरी नाक असेल म्हणून. ताई माझे डोळे फडक्याने बांधायची आणि घरातल्या वस्तू नाकाखाली धरायची. ओळख. बाबांचा शर्ट. बाबा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे, त्यांच्या शर्टाला शाईचा आणि रॉकेलचा वास असायचा. ओळख. दप्तर. ओळख. पावसात भिजलेली छत्री. ओळख. मग ती आपला तळहात धरायची आणि मी मुद्दाम चुकायचो, म्हणायचो, माकड. ती चापट मारायची. हे सगळं आठवलं, शब्दन्‌शब्द आठवला. शाई, रॉकेल, चामडं, ओलं कापड. पण नुसती नावंच आली. मी बाबांच्या शर्टाच्या इतका जवळ गेलो की त्याची शिवण दिसली, कोपरावरचं ठिगळ दिसलं, आणि पुढे काही नाही. इतक्या वर्षांनी बाबांना काय झालं असं वाटलं. मग लक्षात आलं, त्यांना काही झालेलं नाही, ते होते तसेच आहेत, माझ्याकडचंच काहीतरी गेलंय, तेही मागे पार तिथपर्यंत. हे मला भयंकर वाटायला हवं होतं. मला फक्त थकल्यासारखं वाटलं आणि माझा थांबा आला.

आमच्या खोलीला आम्ही पांढरी खोली म्हणतो. तिला रंगाचा वास नाही, पडदे नाहीत, लाकूड नाही. भिंतीतून गाळलेली हवा येते आणि छतातून निघून जाते. आत येताना अत्तर लावायचं नाही, सुगंधी साबण नाही, तासभर आधीपासून काही खायचं-प्यायचं नाही. प्रत्येकाचा एक कप्पा, दोन्ही बाजूंना आडोसा, समोर स्टीलचं नसराळं, उजव्या हाताला एक बटण. नसराळ्यातून हवा येते. आधी पिशवीतली हवा स्वच्छ हवेत खूप पातळ करून सोडतात, मग हळूहळू घट्ट करत नेतात. वास आला की बटण दाबायचं. अधूनमधून यंत्र वासाच्या जागी नुसती स्वच्छ हवा सोडतं. तिला आम्ही कोरी हवा म्हणतो. कोऱ्या हवेवर वारंवार बटण दाबणारा माणूस म्हणजे हवा न हुंगता मनातलं हुंगणारा. त्याचं नाक त्या दिवसापुरतं बाद. ढकलगाडीवर ताईच्या गल्लीची पिशवी होती. पारदर्शक, टम्म फुगलेली, आत काहीही न दिसणारी. मी तिच्याजवळून जाताना पावलं हळू केली. ताईची खिडकी, तिचा खोकला, गल्लीतली मुलं, कारखान्याचा धूर, सगळं त्या रिकाम्या पिशवीत आहे असं मी स्वतःला सांगितलं. "काय नाकोबा," शिंपीकाका म्हणाले, "आज चेहरा का पडलाय? रात्री कुणी स्वप्नात आलं नाही वाटतं." त्यांना दोन दिवसांपासून ठसका लागत होता, ते घसा साफ करत आपल्या कप्प्यात शिरले. पलीकडे ग्रंथपालबाई आणि शिकवण्या घेणारी एक बाई आधीच बसल्या होत्या.

मी मॅडमना सांगायला हवं होतं की आज माझं नाक चालत नाही. मॅडम चांगल्या आहेत, वयाने माझ्या भाचीपेक्षा थोड्या मोठ्या, मला काका म्हणतात. पण सांगितलं काय आणि बाजूला झालो काय, एकच. चाराचे तीन होणार. म्हणजे ताईसाठी बसून राहायचं आणि बटण दाबायचं. वास तिथे असणारच, यात शंका कसली? गल्लीभर माणसं वर्षानुवर्षं ओरडतायत. मग जे आहे ते आहे म्हणण्यात खोटं काय? फक्त कधी दाबायचं एवढंच कळायला हवं होतं. आणि ते मला कळत होतं, म्हणजे कळतं असं मला वाटत होतं. शिंपीकाकांना वास आला की ते नकळत "हं" करतात. आयुष्यभर गिऱ्हाइकाचं माप ऐकून हं करत आलेले. आडोशातून ते बारीक ऐकू येतं. मी तोंड नसराळ्यात घातलं आणि कान डावीकडे दिला. हवा आली. गार, गुळगुळीत, कशाचीही नसलेली. काका गप्प. मीही गप्प. पुन्हा हवा. पुन्हा काही नाही. मग आडोशातून आलं, "हं". मी बटण दाबलं. पुढच्या वेळी पुन्हा हं, पुन्हा बटण. मला एक प्रकारचा आराम वाटायला लागला. शाळेत शेजाऱ्याच्या पाटीकडे बघून गणित सोडवावं तसा. हवा येत होती आणि जात होती, सगळ्या हवा सारख्याच होत्या, आणि मी प्रत्येक "हं"बरोबर ताईसाठी काहीतरी करत होतो. मध्येच मला वाटून गेलं की आता खरंच काहीतरी येतंय, हाडासारखं, जळक्या रबरासारखं. मी जोराने ओढून घेतलं. काही नव्हतं. ते माझ्या मनातलं होतं.

मॅडमनी मला एकट्याला बाहेर बोलावलं. त्यांच्या हातात यंत्रातून निघालेला कागद होता, पण त्या माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या. "काका, बरं नाही का वाटत?" मी म्हणालो, का? "तुम्ही कोऱ्या हवेवर बटण दाबलंत. एकदा नाही, जवळजवळ प्रत्येक वेळी. आणि खरा वास होता तिथे बऱ्याचदा सोडून दिलंत." "पण शिंपीकाकांनी तर तेव्हाच…" मी जीभ चावली. "त्यांचं काय? त्यांना तेव्हा वेगळी हवा होती. कोरी हवा सगळ्यांना एकदम कधीच जात नाही, काका. प्रत्येकाची वेळ वेगळी असते. शिवाय आज त्यांना ठसका लागलाय, ते सारखे घसा खाकरतायत. तुम्हाला इतक्या वर्षांत हे माहीत नाही?" माहीत नव्हतं. वास येत होता तोवर शेजारच्या कप्प्यात काय चाललंय ते कळायची मला गरजच पडली नव्हती. "सर्दी झाली असेल," मॅडम म्हणाल्या. त्यांनी ते इतक्या मायेने म्हटलं की मी "हो" म्हणालो. "मग पिशवी बाद करावी लागेल. तीन नाकांवर अहवाल होत नाही. आणि उद्यापर्यंत ही हवा शिळी होते, पिशवीलाच तिचा वास लागतो." मी विचारलं, पुन्हा भरून आणता येईल ना? "येईल की. पण सुनावणी उद्या सकाळी आहे. अहवाल नसला की कारखान्याची परवानगी आपोआप पुढे चालू राहते, मग नवीन अर्ज, नवीन तारीख. वर्ष जाईल." त्यांनी पिशवीचं तोंड धुराड्याच्या नळीला लावलं आणि झडप उघडली. पिशवी हळूहळू बसत गेली, तिला सुरकुत्या पडल्या, मग ती ढकलगाडीवर आडवी झाली. मी तिथेच उभा होतो. शिंपीकाका कप्प्यातून बाहेर येऊन म्हणाले, "काय हो, भलताच घाणेरडा माल होता आज, मला तर मळमळलं."

घरी जायची बस सोडून मी ताईकडे जाणारी बस धरली. का, ते मला माहीत नव्हतं. सांगायला, असं मी धरून चाललो होतो. शेवटच्या थांब्याला उतरलो तेव्हा संध्याकाळ होत आली होती. वास सुरू झालाय हे मला माणसांच्या तोंडावरून कळलं. आधी एकदोघांनी कपाळाला आठ्या घातल्या, मग रुमाल निघाले, मग एका दुकानदाराने अर्धं शटर ओढलं. कारखान्याच्या चिमणीतून पिवळट धूर निघत होता. तो वर जात नव्हता, छपरांच्या उंचीवर आडवा पसरून गल्लीत उतरत होता. मी त्यातून चालत गेलो. ताईच्या जिन्यावर मीही मधल्या पायरीवर थांबलो, दम लागला म्हणून. दार उघडून ताईने मला चटकन आत ओढलं, दार लावलं आणि दाराखालच्या फटीत टॉवेल पायाने दाबून बसवला. खिडक्यांच्या कडांना सगळीकडून खाकी चिकटपट्टी लावलेली होती. "लेकीने लावलीय," ताई म्हणाली. "तिला सहन होत नाही. मी म्हटलं लाव बाई, तेवढंच सुख." ताई वाळली होती. पण डोळे चमकत होते, आणि ती माझ्याकडे असं बघत होती जणू मी परीक्षेचा निकाल घेऊन घरी आलोय. "थांब, चहा टाकते. मग सांग सगळं." ती आत गेली, शेगडी पेटवली, भांडं ठेवलं आणि लगेच बाहेर येऊन माझ्यासमोर बसली. "हं. बोल. जास्त आला ना आकडा?"

मी म्हणालो, अजून पक्कं व्हायचंय. मग म्हणालो, तुझी तब्येत कशी आहे? मग म्हणालो, तुला आठवतं का, तू माझे डोळे बांधायचीस? "आठवतं की! माझ्या हाताला माकड म्हणायचास, मेल्या." ती हसली. मग दम खायला थांबली आणि थांबल्यावर गंभीर झाली. "उद्या मी बोलणारे तिथे. सगळं पाठ केलंय. धूर, भट्टी, मुलांची डोकी, सगळं. पण माझं कोण ऐकतंय रे, सह्यांना काय किंमत. कागदावर तुमचा शिक्का आला की त्यांची बोलती बंद." मी मान हलवली. बाहेर उजेड उतरत होता. खोलीतल्या वस्तूंच्या कडा पुसट झाल्या होत्या, कपाट, पाण्याचं पिंप, भिंतीवरचा बाबांचा फोटो. मला तिथे खूप वेळ बसावंसं वाटत होतं. ताई बाबांच्या छापखान्याबद्दल बोलत होती. मी ऐकत होतो आणि एकीकडे वाक्य जुळवत होतो. ताई, पिशवी बाद झाली. ताई, माझ्या हातून पिशवी बाद झाली. वाक्य सोपं होतं. ते तोंडापर्यंत यायचं आणि तिथे बसून राहायचं. डोकं थोडं जड झालं होतं, मी दिवसाच्या थकव्यावर घातलं. ताईसुद्धा कपाळ चोळत होती. "अंधारलं बघ," ती म्हणाली. "बोलण्याच्या नादात चहाचंही विसरले. दिवा लावते आधी." ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि भिंतीकडे गेली.

जिन्यावर धावती पावलं वाजली आणि दार धाडकन उघडलं. "आई! बटणाला हात लावू नकोस! कुणी कशाला हात लावू नका!" भाची दारात उभी होती, बाहीत नाक खुपसून, डोळे विस्फारून. ताईचा हात बटणापासून वीतभर लांब थांबला. भाची आमच्या दोघांच्या मधून आत धावली, शेगडीची कळ बंद केल्याचा आवाज आला. पाणी उतू जाऊन जाळ विझला होता आणि गॅस तसाच सुटत राहिला होता. "खालपासून येतोय वास! खालच्या मजल्यापासून!" ती ओरडत बाहेर आली आणि खिडकीवर तुटून पडली. चिकटपट्टी नखांनी ओरबाडून काढायला लागली. ती पट्टी तिने चांगली मन लावून लावलेली होती, निघता निघेना. मी तिच्या मदतीला गेलो. पट्टीबरोबर रंगाचे पोपडे निघाले. खिडकी उघडली आणि चिमणीचा तो पिवळट धूर सरळ आत आला. भाचीला उमासा आला. तिने तोंड फिरवलं, तर आत गॅस. पुन्हा बाहेर वळली, तर बाहेर धूर. ती खिडकीच्या चौकटीला धरून वाकली आणि खोकत राहिली. ताई आणि मी तिच्या दोन्ही बाजूंना उभे होतो, आरामात श्वास घेत.

"इतका वास," भाची म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "इतका वास येत होता आणि तुम्ही दोघं इथे बसून गप्पा मारताय? मामा, अरे तू तर… तुझं कामच ते आहे ना? तुला नाही आला?" मी म्हणालो, "नाही." हा शब्द दिवसभरात पहिल्यांदाच तोंडातून बाहेर पडला आणि त्याला काहीच कष्ट पडले नाहीत. "मला येत नाही आता. कशाचाच येत नाही." भाचीने आईकडे पाहिलं. ताई पिंपाला टेकून खाली बसली होती. ती जमिनीकडे बघत म्हणाली, "मलाही कुठे येतो गं. किती वर्षं झाली." "मग तक्रारी? रोज संध्याकाळी कचेरीत फोन करून सांगायचीस ते? आज जास्त आहे, आज कमी आहे?" "तू कामावरून आलीस की तुझ्या तोंडाकडे बघायचे. तू नाक दाबलंस की मी फोन लावायचे." ताईने लाजल्यासारखं हसायचा प्रयत्न केला. "वास असतो तो असतोच ना. मला येत नाही म्हणून काय झालं. आता उद्या याच्या अहवालाने होईल सगळं नीट." मी खिडकीच्या कडेवर राहिलेली पट्टी सोलत होतो. मग मी ते वाक्य बोललो. पिशवी बाद झाली, माझं नाक बाद झालं म्हणून, उद्या अहवाल नाही. मला माझाच आवाज नळातून यावा तसा ऐकू आला. ताई रागावली असती तर बरं झालं असतं. तिने हात पुढे केला आणि मला वाटलं ती मला जवळ बोलावतेय. पण तिला उठायला आधार हवा होता. मी तिला उठवलं. तिचा हात हलका होता, कोरडा होता, आणि त्या क्षणी मला आतून गलबलून आलं, ताईला उद्या काय तोंड दाखवायचं, वर्षभर तिने या जिन्यावर बसत बसत कसं चढायचं. तेवढंच. मग ते पुन्हा बसलं.

भाचीने खिडकीचं दार ओढून घेतलं, अर्धं. मग थबकली, परत ढकललं. पुन्हा ओढलं. लावावं की उघडं ठेवावं ते तिला ठरवता येईना, आणि त्या बाबतीत आमचा दोघांचा काही उपयोग नव्हता. खाली गल्लीत कुणीतरी खिडक्या लावून घेत होतं. खोलीत पूर्ण अंधार झाला होता, आणि अजून दिवा लावता येत नव्हता. आम्ही दोघं म्हातारी माणसं तिच्या तोंडाकडे बघत उभे होतो, ते आता दिसतही नव्हतं.

"गेला का गं वास?" ताईने विचारलं.

"कुठला?" भाची म्हणाली.